धावपट्टीवरचे प्लॉट

अकोल्याच्या माणसाला मोकळी जागा पाहवत नाही. दोन घरांच्या मध्ये चार हात बोळ दिसला, की आमच्यातल्या कुणाला तरी तिथे पानटपरीचं स्वप्न पडतं. शिवणीचा विमानतळ तर अख्खा मोकळा!

परवा चहाच्या कट्ट्यावर हा विषय निघाला. आमचे एक शेजारी म्हणाले, "काहून ठेवून राह्यले भाऊ ते मैदान तसंच? इमान तं येत नाही. प्लॉट पाडा अन् मोकळे व्हा!" एवढं बोलून त्यांनी बशीतल्या चहावर अशी फुंकर मारली, की जवळपास एखादं विमान असतं तर उडून गेलं असतं.

शेजाऱ्यांचं निम्मं खरं आहे. ही धावपट्टी 1943 ची, म्हणजे महायुद्धाच्या धामधुमीतली. तिने साहेब जाताना पाहिला. नियमित प्रवासी सेवा मात्र तिच्या नशिबी अजून नाही. पट्टी आखूड पडते, आणि लांबवायची तर शेजारी पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन. विद्यापीठ 1969 चं. त्याला प्रयोगाला शेत पाहिजे, विमानाला पळायला जागा. त्यात आमचा मे महिना! पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हवा विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते आणि धाव जास्त लागते. थोडक्यात, अकोल्याच्या उन्हात माणूस पाय उचलत नाही, तिथे विमानाने काय उचलावे?

पण म्हणून प्लॉट? अमरावतीच्या बेलोऱ्याकडे बघा. तो विमानतळ 1992 चा. त्याचीही वर्षानुवर्षं थट्टाच झाली. शेवटी पट्टी 1850 मीटरची झाली आणि 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं प्रवासी विमान उतरलं. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत कुणी शहाण्याने तिथे 'शांतीनगर' वसवलं असतं, तर ते विमान आज कुणाच्या गच्चीवरच्या पापडांत उतरलं असतं?

अमेरिकेत शिकागोच्या महापौरांना तर एवढाही धीर नव्हता. 2003 साली त्यांनी रातोरात बुलडोझर लावून तळ्याकाठच्या विमानतळाची पट्टी खोदून टाकली. सकाळी उभी विमानं अडकलेली! पण त्या जागेवरही शेवटी बागच झाली. बर्लिनचं टेंपेलहोफ 2008 ला बंद पडलं. तिथे घरं बांधायची टूम निघाली, तेव्हा 2014 साली लोकांनी मतदान करून सांगितलं, मैदान मैदानच राहू द्या. बर्लिनला घरांची चणचण नव्हती असं नाही. पण विकलेलं मैदान परत मिळत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

वाचकहो, मी काही विमानवाला नव्हे. माझी धाव विदर्भ एक्सप्रेसपर्यंत. मूर्तिजापूरची शकुंतला गाडी थांबली, तेव्हा जीव हळहळला. विमानासाठी तेवढा हळहळत नाही. माझं भांडण जमिनीचं आहे. सरकारने एक काय ते ठरवावं. विमान हवं असेल, तर विद्यापीठाला तोलामोलाची जमीन द्यावी आणि पट्टी लांबवावी. नको असेल, तर तसं तोंडाने म्हणावं, आणि ती जागा विद्यापीठाच्या कपाशी-ज्वारीला द्यावी, नाहीतर पोरांना सायकल शिकायला मोकळी ठेवावी. सार्वजनिक जागा वापरात नाही म्हणजे ती बेवारस झाली, हा न्याय कुठला? उद्या आमचं देवघर दुपारी रिकामं असतं म्हणून तिथे भाडेकरू ठेवाल!

हे सगळं मी कट्ट्यावर पोटतिडकीने सांगितलं. शेजाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले,

"पटलं भाऊ. नाही पाडत तिथं प्लॉट. पण मले सांगा, इमान आलंच, तं बाजूच्या वावरातल्या प्लॉटचा भाव काय निघन?"