डिंक्या पानात नाही, बुंध्याशी शोधा

संत्र्याची पाने पिवळी पडली की आपली पहिली धाव कृषी केंद्रावर. दुकानदार बाटली काढून देतो, आपण फवारून मोकळे होतो. खाली वाकून बुंधा मात्र कुणी पाहत नाही, आणि डिंक्या बसलेला असतो तो तिथंच.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या बागायतदाराला हा रोग नवा नाही. फायटोफ्थोरा ही बुरशी मातीत राहते, साचलेल्या पाण्यातून पसरते आणि जमिनीलगतच्या सालीत शिरते. साल काळपट, ओलसर होते, उभी तडकते, डिंक गळतो. जरा खरवडून बघा, आत तपकिरी डाग दिसेल. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. कधी मरणाआधी झाड भरभरून फुलतं आणि आपण "यंदा बहार जोरात" म्हणून खूश होतो! सालीला चहूबाजूंनी वेढा पडला की झाड गेलंच समजा. (साल खाणाऱ्या अळीचा त्रास वेगळा, तिथं जाळी आणि भुसा दिसतो.)

रोगट साल धारदार चाकूनं चांगला भाग लागेपर्यंत खरवडा, तुकडे गोळा करून जाळा. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या १ टक्का पाण्यानं धुवा आणि बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या बादल्यांत कालवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं नको. विळ्याचं पातं बुडवून पाहा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, निरोगी झाडांनाही, २ ते ३ फूट उंचीपर्यंत लावा.

पण बुंध्याशी पाणी तुंबत राहिलं तर मलम किती पुरणार? दुहेरी आळं करा, पाणी बाहेरच्या आळ्यात द्या, खोड कोरडं ठेवा. कलम घेताना डोळा जमिनीपासून किमान ९ इंच वर बांधलेला बघून घ्या. लावताना तो मातीत गाडू नका. खुंट जंबेरीचा की रंगपूर लाईमचा हेही विचारा, जंबेरी या रोगाला लवकर बळी पडते.

राहिला चराचा प्रश्न. उताराला चर काढला की पाणी शेजाऱ्याच्या बांधावर जातं आणि भांडण उभं राहतं. इथं एकट्या शेतकऱ्याचं चालत नाही. सरपंच, तलाठी आणि कृषी सहायकांनी मृगाआधी शिवारात एक फेरी मारून नाल्याची वाट मोकळी करून द्यावी.