आधी पुस्तक, मग यंत्राला प्रश्न

कृत्रिम बुद्धिमत्ता, नेतृत्व, व्यवस्थापन, कामाचा उरक या विषयांवर काय वाचावं, अशी विचारणा शेतकरी कंपन्या, बचत गट, दूध संकलन केंद्रं चालवणारी तरुण मंडळी हल्ली वारंवार करतात. घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीच्या बाजूने येणारी विचारणा मला फार मोलाची वाटते. गोदाकाठचा ऊस, जायकवाडीचा डावा कालवा आणि समर्थ सहकारी साखर कारखान्याचं तीर्थपुरीचं सागर युनिट, यांमुळे व्यवस्थापन इथे रोजच्या पोटापाण्याशी जोडलेलं आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला नाही, तर वजन घटतं आणि उताराही घटतो. मुकादम, टोळी, वाहन, चिटबॉय आणि वजनकाटा यांचा मेळ बसवणारा माणूस व्यवस्थापकच असतो, मग त्याच्या दारावर पाटी असो वा नसो.

त्याच्यासाठीचं पहिलं पुस्तक तालुक्याबाहेर शोधावं लागत नाही. समर्थ रामदासांचा जन्म 1608 सालचा, घनसावंगी तालुक्यातल्याच जांबचा. ‘दासबोधा’चे वीस दशक, दोनशे समास. पारायण जरूर करा, पण काम चालवणाऱ्याच्या नजरेनेही तो वाचा. अकराव्या दशकातले राजकारण आणि महंतलक्षणांचे समास माणसं जोडण्याविषयी, सावधपणाविषयी आणि सततच्या प्रयत्नांविषयी सांगतात. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा. अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं हवं, पानाच्या कडेला जागा सोडायला हवी, इतक्या बारकाईने समर्थ बोलतात. ग्रंथ टिकला पाहिजे ही त्यामागची तळमळ. कामाचा दर्जा कसा राखावा, याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

दुसरं पुस्तक पीटर ड्रकर यांचं ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’. 1967 मध्ये आलेलं हे पुस्तक माणसाला कामाच्या आधी वेळेचा हिशेब मांडायला लावतं. वेळ कुठे गेला हे आठवून सांगू नका, घडेल तसं लिहून ठेवा, असं ड्रकर बजावतात, कारण या बाबतीत आठवण हमखास फसवते. संचालक मंडळाची बैठक तीन तास चालली आणि त्यातला किती वेळ खताच्या खरेदीवर खर्च झाला, एवढं आठवडाभर टिपून पाहा. उरक वाढवण्याची बहुतेक उत्तरं त्या टिपणातच सापडतात. उद्योग उभे करणाऱ्यांच्या गोष्टी मराठीत हव्या असतील, तर अच्युत गोडबोले आणि अतुल कहाते यांचं ‘बोर्डरूम’ घ्या.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. हा विषय उसाच्या फडापर्यंत पोचला आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानाची मदत घेऊन उसावर प्रयोग केले. मातीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रं यांवरून पाणी किती, खत केव्हा, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपयांची तरतूद ठेवली. उद्या असा सल्ला विकायला कुणी तीर्थपुरीत आलं, तर त्याला काय विचारायचं हे आपल्याला माहीत हवं.

त्यासाठी मेलनी मिचेल यांचं 2019 मधलं ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स: अ गाइड फॉर थिंकिंग ह्यूमन्स’ वाचा. मिचेल स्वतः या क्षेत्रातल्या संशोधक. यंत्र ज्या उदाहरणांवर शिकलं, त्यांच्याबाहेरचं काही समोर आलं की ते कसं चकतं, हे त्या सोप्या उदाहरणांनी दाखवतात. मग आपला प्रश्न आपोआप सुचतो: हे यंत्र कोणत्या जमिनीवर शिकलं? आमच्या काळ्या चिकण मातीवर आणि कालव्याच्या पाळीवर त्याची परीक्षा झाली का?

हे पुस्तक यंत्राकडूनच दोन पानांत का समजून घेऊ नये, असं एका तरुणाने मला विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता. न कळलेला इंग्रजी परिच्छेद मराठीत समजून घ्यायला यंत्राची मदत खुशाल घ्यावी. पण सारांशात निष्कर्ष मिळतो, त्यापर्यंत नेणारा विचार गळून जातो. आणि नेतृत्व करणाऱ्याला नेमकी त्या विचाराच्या सवयीची गरज असते, कारण त्याच्या गावची अडचण कुठल्याच पुस्तकात जशीच्या तशी छापलेली नसते. ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात पढतमूर्खाची लक्षणं आहेत. ग्रंथ समूळ न पाहता त्याला नावं ठेवणारा समर्थांनी त्यांत बसवला आहे. न वाचता त्याची भलामण करणाराही मला त्याच पंगतीतला वाटतो.

म्हणून माझी शिफारस थोड्या पुस्तकांची आणि पुऱ्या वाचनाची. चार-पाच जणांनी मिळून आठवड्याला एक प्रकरण वाचावं. बसल्या बैठकीत त्यावर बोलावं आणि आपल्या कामात एक तरी बदल ठरवून तो इतिवृत्तात लिहावा. पुढच्या आठवड्यात आधी त्या बदलाचं काय झालं ते पाहावं, मगच नवं पान उलटावं. सल्ला यंत्र देईल, पण सभासदांचा पैसा कुठे घालायचा या ठरावाखाली सही आपली असते. ती सही समजून करता यावी, एवढ्यासाठी हे वाचन.