गाण्यांचे वाद आणि समीक्षेचे मौन

रॉक संगीताच्या श्रोत्यांत काही वाद पिढ्यानपिढ्या चालू आहेत, आणि ते मिटावेत अशी कुणाचीच इच्छा दिसत नाही. बीटल्स थोर की रोलिंग स्टोन्स, हा त्यांतला सर्वांत जुना. रॉजर वॉटर्स १९८५ साली बाहेर पडल्यावर उरलेल्यांना 'पिंक फ्लॉइड' हे नाव लावण्याचा अधिकार होता का, हा दुसरा. त्याहून आपल्या जवळचा वाद मुंबईचा आहे : 'रॉक मशीन' या बँडने १९९३ साली आपले नाव बदलून 'इंडस क्रीड' असे केले, ती वाढ होती की तडजोड? रसायनीसारख्या कारखान्यांच्या गावातही हे वाद आमच्या कानांवर येतात. ते घालणारी मुले, आणि आता मुलांचे बाप झालेली माणसेही, मोठ्या तावातावाने बोलतात. अल्बमांची साले, ड्रमर कधी बदलला, कोणते गाणे कॅसेटच्या कोणत्या बाजूला होते, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. ज्येष्ठांना हा पोरखेळ वाटतो. आमच्या पेशातल्या अनेकांनाही वाटतो. आमचे म्हणणे उलट आहे. हे वाद म्हणजे समीक्षाच आहे, आणि मराठीच्या अभ्यासकांनी तिच्याकडे पाठ फिरवली यात नुकसान मराठीचे आहे.

हा छंद परका आहे, असा आक्षेप पहिल्याच वाक्याला येईल म्हणून आधी आपल्या घरात डोकावू. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श १९०८ पासून उभी होतीच. मग महाराष्ट्रात काय झाले? गंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर यांवरून घराघरांत पक्ष पडले. किर्लोस्करांचा खरा वारस कोण, गंधर्वांचे गाणे नाटकाला तारते की मारते, पदांची संख्या किती असावी, यांवर लोक हिरिरीने बोलले आणि लिहिते झाले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत या दोन्ही मंडळींनी मिळून 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. त्या एका रात्रीत कोण सरस ठरले, हा प्रश्न मराठी माणसाने पुढे कित्येक वर्षे चघळला. फुटलेली मंडळी, नावाचा मान, बदललेले गायक नट, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि श्रोत्यांचे दोन तट : रॉकच्या वादांत असलेले सगळे काही तेथे होते. फरक एवढाच, की तो वाद मराठीत झाला. म्हणूनच आपल्याला 'नाट्यसंगीत' या प्रकाराविषयी नेमके बोलता येते. पदाची चाल, तिच्यातला विस्तार, प्रसंगाशी तिचे नाते यांविषयी बोलण्याची जी परिभाषा आज आम्ही वर्गात वापरतो, तिच्यातला मोठा भाग अशा भांडणांतूनच घडला आहे.

आता रॉककडे येऊ. बोरघाट चढून लोणावळ्याच्या पलीकडे गेले की मळवली लागते. तेथे १९७१ साली 'स्नेहयात्रा' नावाचा रॉक महोत्सव झाला. आमच्या खालापूर तालुक्यातून हे ठिकाण काही फार दूर नाही. पण या भागातल्या किती मराठी वाचकांना ते ठाऊक असेल याची शंकाच आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या त्या बँडांचा इतिहास सिद्धार्थ भाटिया यांनी 'इंडिया सायकेडेलिक' या २०१४ च्या पुस्तकात सांगितला, तोही इंग्रजीतच. पुढे १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव मुंबईत भरू लागला आणि धोबी तलावचे रंगभवन ही रॉकची पंढरी झाली. पुढे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांखाली तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातले गाणे थांबले. तो मंच गेल्याची हळहळ मुंबईचे जुने श्रोते अजून व्यक्त करतात.

'रॉक मशीन' १९८४ साली याच मुंबईत उभा राहिला. महेश तिनईकर, उदय बेनेगल, जयेश गांधी, झुबिन बालापोरिया, मार्क सेल्विन, मार्क मेनेझेस ही नावे एका ओळीत लिहिली तरी या शहराची वस्ती डोळ्यांपुढे येते. १९८८ साली त्यांचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा अल्बम आला, १९९० साली 'द सेकंड कमिंग'. १९९३ साली नाव बदलले, १९९५ साली 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम आला, आणि १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. २०१० साली तो पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम काढला, तोही 'इंडस क्रीड' या नावानेच.

या बँडच्या चाहत्यांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पहिले दोन अल्बम म्हणजे अमेरिकी हार्ड रॉकची हुबेहूब प्रतिकृती. नाव बदलले आणि भारतीय संगीताच्या छटा आल्या तेव्हा कुठे या मुलांना स्वतःचा आवाज सापडला. दुसरा म्हणतो, भारतीयत्वाचा तो मुलामा बाहेरच्या बाजारासाठी होता. खरा जोश 'रॉक मशीन'मध्येच होता. आम्ही या वादात दुसऱ्या पक्षाच्या जवळ आहोत, पण वेगळ्या कारणाने. १९८८ च्या अल्बमचे महत्त्व त्याच्या जोशात नाही. तोवर आपल्याकडचे बहुतेक बँड इंग्लंड-अमेरिकेतली गाणी जशीच्या तशी वाजवण्यातच धन्यता मानत. ॲटॉमिक फॉरेस्टसारख्या मुंबईकर बँडने ध्वनिमुद्रिका काढली होती, हे खरे. पण श्रोत्यांची मागणी ओळखीच्या गाण्यांचीच असे. अशा श्रोत्यांसमोर उभे राहून अख्खा अल्बम स्वतःच्या गाण्यांचा करणे, हे धाडस होते. उसन्या शैलीत का होईना, पण 'हे आमचे' असे म्हणणे ही वारशाची पहिली अट असते. केशवसुतांनी सुनीत इंग्रजीतून आणले म्हणून त्यांना कुणी नकलाकार म्हणत नाही.

भारतीय वाद्य मिसळले की गाणे भारतीय होते, ही समजूत आम्हाला मान्य नाही. आमच्या गावाचे नावच रसायनी. इथले शाळकरी पोरही मिश्रण आणि संयुग यांतला फरक सांगेल. मिश्रणात घटक आपापले गुणधर्म राखून शेजारी बसतात आणि चाळणीने वेगळेही करता येतात. संयुगात दोघांचेही मूळ गुण जातात आणि तिसरेच काही तयार होते. गिटारशेजारी तबला बसवला की बहुधा मिश्रण होते. तबला काढून घेतला तरी गाण्याचे काही बिघडत नाही, हीच त्याची परीक्षा. अलीकडे अभंगांना रॉकची साथ देणारे गट लोकप्रिय आहेत. त्यांच्याविषयी 'पवित्र अभंगाची विटंबना' किंवा 'तरुणांपर्यंत संत पोहोचले' अशा दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. हीच परीक्षा तेथेही लावता येईल : गिटार काढली तर अभंगाचा काही नवा अर्थ हरवतो का? हरवत असेल तर ते संयुग. हा प्रश्न विचारणे हे समीक्षेचे काम आहे, आणि तो गाण्यागणिक विचारावा लागतो.

पण भारतीयत्वाच्या या वादाच्या तळाशी भाषेचा प्रश्न आहे, आणि तो मुंबईतल्या चाहत्यांच्या वादांत क्वचितच निघतो. कोलकात्याकडे पाहा. १९७५ च्या सुमारास गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सोबत्यांनी 'मोहीनेर घोडागुली' हा बंगाली बँड काढला. त्याचे नाव जीवनानंद दासांच्या कवितेतून घेतलेले. १९७७ ते १९७९ या काळात त्यांच्या तीन ध्वनिमुद्रिका आल्या आणि फार कुणी न ऐकता बाजूला पडल्या. १९९५ साली त्या गाण्यांची आठवण जागवणारा 'आबार बछर कुडि परे' हा संग्रह आला, त्याचेही नाव जीवनानंदांकडूनच घेतलेले. आणि पुढच्या बंगाली बँडांनी या मंडळींना आपले पूर्वज मानले. २००६ च्या 'गँगस्टर' या हिंदी चित्रपटातल्या 'भीगी भीगी'ची चाल मूळ त्यांचीच. बंगालमध्ये हा वारसा वीस वर्षांनी पुन्हा हाती लागला, याचे एक कारण आम्हाला स्वच्छ दिसते. तेथे बँड कवितेकडे गेला होता, त्यामुळे कवितेचे वाचक बँडकडे येऊ शकले.

आपल्याकडे वाट उलट होती. आपला कवी रॉककडे गेला. अरुण कोलटकर अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले, हे बऱ्याच जणांना माहीत असते. पण याच कोलटकरांना ब्लूज आणि रॉक यांची ओढ होती, सत्तरच्या दशकात त्यांनी स्वतः रचलेली इंग्रजी गाणी नमुन्यादाखल ध्वनिमुद्रित केली होती आणि गीतकार होण्याची त्यांची आकांक्षा होती, हे आमच्या वर्गात सांगितले की विद्यार्थी चकित होतात. त्या गाण्यांचे शब्द अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादिलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या २००९ च्या पुस्तकात आहेत. मराठीच्या अभ्यासक्रमात मात्र कोलटकर म्हणजे १९७७ चा संग्रह, 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही'. गाणारे कोलटकर कुणाच्या वाट्यालाच येत नाहीत : इंग्रजीवाले त्यांना तळटीप देतात आणि मराठीवाले तेवढीही देत नाहीत. आम्हाला तर वाटते की 'चिरीमिरी'तल्या कवितांची चाल नीट कळायची असेल तर ओवी-अभंगाबरोबर ब्लूजही ऐकला पाहिजे. एकच ओळ फिरून येते आणि दर फेरीत तिचा रोख बदलतो. बोलणारा माणूस दुःख सांगता सांगता मिस्कील होतो. वारकरी आणि ब्लूज गाणारा इथे एकमेकांशेजारी बसलेले नाहीत, एकमेकांत विरले आहेत. संयुग म्हणतात ते हेच. ते मराठीत घडले, आणि रॉकच्या वारशाविषयी बोलताना मराठी माणूस त्याचा उल्लेखही करत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो आम्हाला आमच्याच सहकाऱ्यांकडून ऐकावा लागतो. मराठीला रॉकची गरजच काय होती? बंडखोर तरुणाचा आवाज आपल्याकडे शाहिरीने दिला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले, ते वूडस्टॉकच्या पंचवीस वर्षे आधी. आंबेडकरी जलसे त्याहून जुने. १९९७ साली रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये ती कहाणी आहे. त्यापुढे गिटार घेऊन नाचणाऱ्या सुखवस्तू मुलांचे काय कौतुक?

आक्षेपातला निम्मा भाग आम्हाला पूर्ण मान्य आहे. मुंबईचे रॉक हे बहुतांशी इंग्रजी शाळांतल्या मुलांचे होते, आणि त्याच्या बंडाला पोटापाण्याची धग नव्हती. पण मग प्रश्न असा, की या थोर शाहिरांच्या गाण्याची तरी आम्ही गाणे म्हणून समीक्षा केली का? अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड आम्ही पुस्तकातून शिकवतो. तिच्यातला विरह आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी यांचा मेळ फळ्यावर समजावतो. अमर शेखांचा आवाज तिला काय करत असेल, डफ कुठे थांबतो, झील धरणारे कुठे उसळतात, याविषयी आमच्याजवळ दोन वाक्येही नसतात. कलापथक हा एक गट होता, त्याची घडण होती, माणसामाणसांत वाटलेली कामे होती. आमच्या हाती त्यातले फक्त शब्द उरले. रॉकचा कुठलाही चाहता आपल्या बँडविषयी याहून बारकाईने बोलतो. तेव्हा शाहिरीचा दाखला देऊन रॉकला मोडीत काढणाऱ्यांनी आधी शाहिरी कानाने ऐकण्याची सवय लावावी, आणि ती सवय त्या चाहत्यांकडूनच शिकावी.

हे आम्ही रसायनीत बसून लिहितो याला कारण आहे. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली, पाताळगंगेकाठी कारखाना आला आणि त्याबरोबर देशाच्या नाना प्रांतांतली कुटुंबे वसाहतीत राहायला आली. मोहोपाड्याच्या बाजारात मराठी बोलणारी आणि घरी मल्याळम वा बंगाली बोलणारी मुले येथेच वाढली, आणि त्यांच्या आवडीनिवडींत भजनापासून मेटलपर्यंत सगळे होते. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने येथला कारखाना बंद करण्याच्या आराखड्याला मंजुरी दिली. माणसे पांगली. कारखान्याचा हिशेब सरकारी कागदांत राहील. तेथे वाढलेल्या पिढीच्या कानांचा हिशेब कुठेच राहणार नाही, कारण तो लिहिण्याजोगा आहे असे आम्हा लिहिणाऱ्यांना वाटले नाही. हीच गत तालुक्यातालुक्यातल्या ऑर्केस्ट्रांची, बेंजो पार्ट्यांची आणि महाविद्यालयीन बँडांची आहे.

आमची सूचना साधी आहे. एम.ए.च्या विद्यार्थ्याने कवितासंग्रहाइतक्याच गांभीर्याने एखाद्या अल्बमवर प्रबंधिका लिहावी : गाण्यांचा क्रम, शब्द आणि चाल यांचे भांडण, आवाजाचा पोत, ऐकणाऱ्यांचा वर्ग. अल्बम रॉकचाच असावा असे नाही. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' घ्या, भीमगीतांची एखादी कॅसेट घ्या. 'इंडस क्रीड'वरही मराठीत लिहिले जावे. त्यांची गाणी इंग्रजी असली म्हणून त्यांच्यावरचा वाद मराठीत होऊ नये असा नियम नाही. शेक्सपिअरवरचे मराठी वाद आपण दीडशे वर्षे घालत आलोच आहोत.

गंधर्व आणि भोसले यांच्यावरून भांडणाऱ्या पणजोबांना आपण रसिक म्हणतो. वॉटर्स आणि गिलमोर यांच्यावरून भांडणाऱ्या त्यांच्या पणतवंडांना आपण वेळ वाया घालवणारे समजतो. त्यांचे भांडण ऐकून घ्यावे, त्यात आपले मत घालावे, आणि शक्य तो ते मराठीत ओढून आणावे. मतभेद असतील तर अवश्य कळवावेत. 'रॉक मशीन'च्या बाजूने आम्ही उभे आहोत, आणि माघार घेण्याचा तूर्तास तरी विचार नाही.