अनिश्चिततेचा प्रामाणिक हिशेब

गोराईच्या खाडीतील होडीचा लोखंडी नांगर आणि कोळी भगिनीच्या गळ्यातील सोने, दोहोंचे मूळ ताऱ्यांत आहे, असे आपण अभ्यासवर्गांत अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. परंतु या सिद्धांतात शास्त्रज्ञांनी स्वतःच मोकळ्या ठेवलेल्या जागा आपण झाकून टाकतो, हे मात्र योग्य नव्हे.

जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी 1953 साली कार्बनच्या अणुकेंद्राला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे भाकीत केले आणि प्रयोगाने ते खरे ठरले. पण त्याच कार्बनला हेलियम मिळून प्राणवायू किती वेगाने बनतो, हे आजही पुरेशा अचूकपणे सांगता येत नाही. ताऱ्याच्या गर्भातील ऊर्जेला ही क्रिया इतकी क्वचित घडते की, प्रयोगशाळेत ती थेट मोजता येत नाही. अधिक ऊर्जेवरील मोजमापांवरून अंदाज बांधावा लागतो. सोन्याचे कोडे याहून बिकट. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वलहरी टिपल्या गेल्या आणि मागोमाग आलेल्या प्रकाशात जड मूलद्रव्ये घडल्याच्या खुणा आढळल्या. तरीही सारे सोने अशाच टकरींतून आले काय, हे अनिर्णित आहे. वाटेतली अणुकेंद्रे क्षणार्धात विरून जातात. त्यांच्या क्रियांचे वेग बव्हंशी गणितानेच काढावे लागतात आणि निरनिराळ्या गणितांच्या उत्तरांत कित्येक पटींचे अंतर पडते.

‘विज्ञानालाही ठाऊक नाही’ असे म्हणत बुवाबाजी नेमकी इथूनच आत शिरते. तिला उत्तर एकच: कोणती क्रिया, किती प्रमाणात आणि कशामुळे अनिश्चित आहे, हे विज्ञान सांगू शकते. बुवाच्या दाव्याला असा हिशेब नसतो.

गुरुत्वलहरी टिपणाऱ्या हिंगोली जिल्ह्यातील वेधशाळेसाठी 2023 साली केंद्राने सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. तहानलेल्या मराठवाड्यात हा खर्च कशाला, हा प्रश्न रास्त आहे. परंतु पाणी की ज्ञान, अशी निवड गरिबांवरच का लादावी? त्यांचा दोहोंवर हक्क आहे. अट एवढीच की, जनतेच्या पैशातून मिळालेले ज्ञान, त्यातील शंकांसह, जनतेच्या भाषेत परत यावे. नारळीकरांनी 2025 साली झालेल्या निधनापर्यंत मराठीतून हे काम केले. ते पुढे नेण्याची जबाबदारी संशोधन संस्थांची आहे, तशीच आपल्या अभ्यासवर्गांचीही आहे. गोराईच्या शाळेतील मुलीला ‘सोने ताऱ्यांतून आले’ एवढेच सांगून थांबू नये; त्यातले काय अजून शोधायचे आहे, तेही तिला सांगितले पाहिजे.