बागेतली रेल्वे कागलला शोभेल

घराच्या बागेत रूळ टाकून गाडी पळवणं म्हणजे पैसेवाल्यांची हौस, असं म्हणून आपण विषय मिटवतो. इतिहास तसं सांगत नाही.

ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजवाड्याच्या आवारात दोन फुटी रूळ टाकले. त्याच मापाचे रूळ पुढे भिंड, शिवपुरी आणि श्योपूरपर्यंत पोचले. श्योपूरचा मार्ग तर सुमारे २०० किलोमीटरचा, आणि त्यावरून २०२०पर्यंत सामान्य माणसं ये-जा करत होती. पर्यटक मात्र राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी पाहून परततात.

इंग्लंडात सर आर्थर हेवूड यांनी १८७४मध्ये डफिल्ड बँक इथल्या घराच्या आवारात १५ इंची रेल्वे सुरू केली. इतक्या अरुंद रुळांवरून माल स्वस्तात नेता येतो, हे त्यांना दाखवायचं होतं. इंजिनंही त्यांनी घरच्याच वर्कशॉपमध्ये घडवली. वॉल्ट डिस्नेनं १९५०मध्ये लॉस एंजेलिसच्या घराभोवती सव्वासात इंची रुळांवर वाफेची गाडी फिरवली. त्यासाठी तो आपल्याच स्टुडिओच्या मशीन शॉपमध्ये कारागिरांकडून काम शिकला आणि गार्डचा डबा त्यानं स्वतः बनवला. पाचच वर्षांत डिस्नेलँड उघडलं, तेही भोवती रेल्वे घेऊनच.

आता कागलकडे पाहावं. इथल्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १८८८मध्ये, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, कोल्हापूर-मिरज रेल्वेची पहिली कुदळ मारली. १८९१मध्ये गाडी धावली. आज पंचतारांकित एमआयडीसीत आणि आसपासच्या वसाहतींत फाउंड्र्या आहेत, पॅटर्न बनवणारे आहेत, टर्नर-फिटर आहेत. चाक, सिलिंडर, पिस्टन हे तर त्यांचं रोजचं काम. पण पोरगा वर्षानुवर्षं एकच जॉब लेथवर चढवतो. तो भाग पुढे कुठल्या यंत्रात बसतो, हे त्याला दिसतच नाही. छोट्या इंजिनात साच्यापासून वाफेपर्यंत सगळं एकाच हाताखालून जातं. प्रशिक्षणार्थींना याहून चांगला धडा कुठला?

म्हणून एखाद्या कारखानदारानं आपल्या बंगल्याच्या बागेत किंवा कारखान्याच्या मोकळ्या आवारात सव्वासात इंची रूळ टाकावेत आणि इंजिन आयटीआयच्या मुलांकडून घडवून घ्यावं. आयतं विकत आणू नये. बॉयलर मात्र जाणकाराच्या देखरेखीखाली बनावा, आधी पाण्याच्या दाबानं तपासावा, आणि मगच भट्टी पेटवावी.