या वयात कसला खेळ?

‘आता या वयात कसला खेळ?’ असं आपल्या घरांतल्या अम्मी, खाला चाळिशीतच म्हणू लागतात. बहिणींनो, लॉन बोल्स हा खेळ त्याला छान उत्तर आहे.

2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवून सुवर्ण जिंकलं. या खेळातलं भारताचं ते पहिलंच पदक. लव्हली पोलीस खात्यात, पिंकी शाळेत शिक्षिका. नयनमोनी आधी वेटलिफ्टिंग करत. दुखापतीमुळे ते सुटलं, तेव्हा त्या इकडे वळल्या.

सपाट हिरवळीवर ‘जॅक’ नावाचा छोटा चेंडू असतो. आपला सुमारे दीड किलोचा गोळा घरंगळवत त्याच्या जवळात जवळ न्यायचा. गोळ्याची घडण अशी, की तो सरळ न जाता वळतो. म्हणून ताकदीपेक्षा अंदाज मोठा. धावपळ नाही, पण चालणं, वाकणं, तोल सांभाळणं आपोआप होतं. वाकता येत नसेल तर गोळा धरायची खास काठी मिळते. दादी आणि नात एकाच संघात खेळू शकतात. चार घरच्या बायका भेटतात, मन हलकं होतं.

आपल्याकडे अशी हिरवळ क्वचितच. पण रबरी चेंडूंनी हाच डाव अंगणातही मांडता येतो. गुडघे-पाठ दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरी अडचण मैदानाची नाही, वेळेची आहे. संध्याकाळी अर्धा तास अब्बांनी आणि मुलांनी स्वयंपाकघर सांभाळलं, तर अम्मी खेळायला बाहेर पडेल.