पीठ कोणाचे?

आस्वादकाला कलाकृतीचा सहनिर्माता करणारी कला म्हणून सहभागी मांडणशिल्पाचे गुणगान गेल्या काही दशकांत समीक्षेत रूढ झाले आहे. कलादालनातील ‘स्पर्श करू नये’ ही पाटी उतरली, तिच्या जागी ‘स्पर्श करावा’ ही पाटी आली, आणि एवढ्यावरून आस्वादक मुक्त झाल्याचा निर्वाळा देण्यात आला. या निर्वाळ्याला रोलाँ बार्थने १९६७ साली जाहीर केलेल्या लेखकाच्या मृत्यूचा आधार दिला जातो. तो आधार उसना आहे. अर्थ वाचकापाशी सिद्ध होतो, हे बार्थचे प्रतिपादन. हात हलविला की कर्तृत्व लाभते, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

अशा मांडणशिल्पापुढे प्रत्यक्षात काय घडते? पावलाची चाहूल लागताच भिंतीवर प्रकाश उमटतो, हात उंचावला की नाद निघतो. प्रेक्षक निघून गेला की सारे पूर्ववत् होते. किंबहुना ते पूर्ववत् झालेच पाहिजे, कारण पुढचा प्रेक्षक दाराशी उभा असतो. ज्या कृतीची खूण पुसली जाणे ही रचनेचीच अट आहे, तिला निर्मिती म्हणणे हा शब्दच्छल होय. तो केवळ प्रतिसाद आहे, आणि तोही आधीच मोजून ठेवलेला.

मग सहभागाची कसोटी कोणती? तिचा शोध घेताना शिर्डीतील एक प्रसंग कलादालनांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. गोविंद रघुनाथ दाभोळकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या ओवीबद्ध ‘श्रीसाईसच्चरित’ाच्या पहिल्याच अध्यायात तो आला आहे. साईबाबा मशिदीत जात्यावर गहू दळावयास बसतात. गर्दीतून चौघीजणी पुढे होतात, खुंटा आपल्या हाती घेतात आणि गात गात दळण पुरे करतात. बाबांना घरदार नाही, तेव्हा हे पीठ आपलेच, असे समजून त्या त्याचे चार वाटे करतात. बाबा संतापतात आणि ते पीठ गावाच्या शिवेवर टाकावयास सांगतात. महामारीच्या निवारणासाठी ते दळण होते, हे हेमाडपंतांना मागाहून कळते.

भाविक या कथेत चमत्कार पाहतो. समीक्षकाने तिच्यातील तंटा पाहावा. चौघींना कोणी बोलाविले नव्हते. त्यांनी खुंटा घेतला. त्यांच्या श्रमातून पीठ उरले, आणि ते उरले म्हणूनच ते कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. निवाडा त्यांच्याविरुद्ध गेला, हे खरे. त्यांनी अखेर आज्ञाच पाळली, हा आक्षेपही रास्त आहे. परंतु ज्या सहभागात निवाड्याला जागाच नसते, त्याहून हा सहभाग निःसंशय मोठा आहे.

या कसोटीवर सारीच आधुनिक कला नापास होते असे नाही. फेलिक्स गोन्झालेस-टोरेसने १९९१ साली आपल्या दिवंगत साथीदाराचे व्यक्तिचित्र म्हणून गोळ्यांचा ढीग मांडला. त्याचे आदर्श वजन १७५ पौंड. प्रेक्षक त्यातली गोळी उचलतो आणि त्या देहाची झीज आपल्या हातून घडवितो. ढीग पुन्हा भरता येतो. परंतु तोंडात विरघळलेली गोळी आणि तिच्यासोबत आलेले उत्तरदायित्व परत करता येत नाही.

द्वारकामाईतील धुनीचे स्वरूपही असेच आहे. तिच्याभोवती आज जाळी आहे. जाते तर केवळ दर्शनाची वस्तू झाले आहे. सहभागाला कुंपण घालण्याची प्रवृत्ती संग्रहालयांपुरती मर्यादित नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. तरीही धुनीत जे पडते ते जळते, त्याची उदी होते आणि ती भाविकाच्या मुठीतून घरी जाते. संवेदकाने उजळलेल्या भिंतीपुढून प्रेक्षक मात्र रिकाम्या हाताने परततो. त्याच्या हालचालीतून जे काही उरते, ते त्याचे छायाचित्र. आणि बहुधा तेही संस्थेच्या प्रसिद्धीपत्रकात जाऊन बसते. दळण प्रेक्षकाचे, पीठ संस्थेचे, आणि शीव कोठेच नाही.

म्हणून सहभागी कलेच्या समीक्षेने ‘प्रेक्षकाने काय केले?’ हा प्रश्न आता पुरे करावा. त्याने केलेल्यातून काय उरले, आणि त्यावर भांडण्याचा अधिकार त्याला आहे काय, हे विचारावे. ज्या कलाकृतीला हा प्रश्न सोसवत नाही, तिने आपल्या प्रेक्षकाला सहनिर्माता म्हणू नये.